लाकडावर बसवलेली गरम फरशी

आमच्याकडे मे महिन्यात दुपारी अंगणातल्या फरशीवर अनवाणी पाय टेकला तर माणूस नाचतच घरात येतो. कळंबच्या बाजारात त्या वेळी चप्पल तुटली तर कोणी ती हातात घेत नाही, तुटकीच ओढत नेतो. अशा आमच्या यवतमाळ जिल्ह्यात मी वीज लावून गरम करायची फरशी बसवली आहे. लोकांना वाटतं म्हातारा थापा मारतो. म्हणून हे लिहायला घेतलं. माझं शाळेत चौथीपर्यंतच झालं. चौथीत मास्तरांचं आणि माझं पटलं नाही. मास्तर राहिले, मी निघालो. संपादक म्हणाले, तुमचं 'मले-तुले' आम्ही जरा सरळ करून घेऊ. मी म्हटलं, माझं करा, पण जो माणूस जे बोलला ते तसंच राहू द्या. त्यांनी ऐकलं असेल अशी आशा आहे.

मी गफूर, फरशी मिस्त्री. शहाबादीपासून सुरुवात केली, मग काळा कडप्पा, मग मोझॅक, मग या काचेसारख्या टाइल्स. कळंब तालुक्यात कोणालाही विचारा, गफूरने बसवलेली फरशी आजवर कोणी उचलली नाही. लोकांनी भिंती पाडल्या, भाऊ वेगळे झाले, स्वयंपाकघराचं देवघर आणि देवघराची मोरी झाली, पण फरशी तिथेच. हे वाक्य मी लग्नात, मयतीत, एसटीत, कोणी विचारलं नसतानाही सांगायचो. घरची म्हणायची, "आता तरी दुसरं काही बोला." दुसरं माझ्याकडे नव्हतं.

एक गोष्ट बाहेरच्या माणसाला माहीत नसते, ती सांगून ठेवतो. हिंदूच्या घरी फरशी बसवताना आग्नेय कोपऱ्यातली एक फरशी मिस्त्री पक्की करत नाही. तिच्याखाली वीतभर खड्डा ठेवतो आणि वर ती नुसती टेकवतो. वास्तुशांतीच्या दिवशी महाराज येतात, डबीतली वास्तुपुरुषाची प्रतिमा त्या खड्ड्यात ठेवतात, मग मिस्त्री ती फरशी कायमची बसवतो. हा खड्डा कोणत्याही इंजिनियरच्या नकाशात नसतो, तो मिस्त्रीच्या डोक्यात असतो. कळंबचे दिगांबर महाराज आणि मी, आम्ही दोघांनी उभी हयात एकाच कोपऱ्यात काम केलं. त्यांचे मंत्र संपेपर्यंत माझं सिमेंट कालवून तयार. त्यांच्या कोणत्या श्लोकाला पाणी घालायचं हेही मला पाठ आहे.

तर वणीचे प्रभाकरभाऊ. कोळशाचे ट्रक आहेत त्यांचे. मुलगी कॅनडात दिली. भाऊ तिच्याकडे दोन महिने राहून आले. तिथे बाहेर बर्फ, आणि बाथरूममध्ये पाय ठेवला तर फरशी गरम. परदेशातून येताना लोक चॉकलेट आणतात, भाऊंनी फरशी आणली. म्हणजे डोक्यात आणली. पांढरकवड्याच्या रोडवर त्यांचं शेत आहे, तिथे विटांचं चांगलं घर होतं. त्याच्या बाजूला त्यांनी आणखी एक घर काढलं, पूर्ण लाकडाचं. जमिनीपासून कंबरेइतक्या उंच दगडी खांबांवर सागवानाच्या तुळया, तुळयांवर फळ्या, आणि फळ्यांवर माझी फरशी.

"भाऊ, लाकडावर फरशी कायले? फळ्याच ठेवा ना, सागवान हाय," मी म्हटलं.

"फळ्या गरम नाई होत मिस्त्री. फरशी गरम होते. तिकडं तशीच असते."

"तिकडं बर्फ असते."

"आपल्याकडं थंडी नाई पडत का?"

"पडते. पंधरा दिवस. तेवढ्यासाठी गोधडी असते."

भाऊ हसले नाहीत. ज्याच्याकडे ट्रक जास्त त्याला विनोद उशिरा समजतो. म्हणाले, "माह्या मायचे पाय ठणकतात. तिच्यासाठी करून राह्यलो." मायचं नाव निघालं तसा मी फळ्या मोजायला लागलो. त्यांची माय बाजूच्या विटांच्या घरात खाटेवर बसून होती. नंतर मी तिला विचारलं तर ती म्हणाली, "मले तं शेगडी पुरते बाबा. पण त्याले हौस हाय तं करू दे."

नागपूरहून घराचं डिझाइन करणारे एक साहेब यायचे, अद्वैत नावाचे. तिशीतले, लॅपटॉपवाले. माणूस वाईट नव्हता. मला चाचा म्हणायचे आणि माझं बोलणं ऐकताना इतकी मान हलवायचे की ऐकत नाहीत हे लगेच समजायचं. फरशीखाली अंथरायच्या, विजेवर गरम होणाऱ्या तारेचा नकाशा त्यांच्या लॅपटॉपमध्ये होता. मी पहिल्याच दिवशी सांगितलं, "साहेब, आग्नेय कोपरा रिकामा सोडा. दोन फूट. तिथं तार नको."

"चाचा, तार एकच लांब आहे. कोपरा सोडला तर सगळं गणित बदलतं."

"वास्तुशांतीला तिथं खड्डा लागते."

"सरांनी तसं काही सांगितलेलं नाही. आणि हे घर पूर्ण कॅनेडियन कन्सेप्टवर आहे."

मी भाऊंना विचारलं. भाऊ म्हणाले, "तिकडं कोणी वास्तुशांती करत नाई." मी म्हटलं, बरं. हे 'बरं' लक्षात ठेवा. मी जेव्हा नुसतं बरं म्हणतो तेव्हा माझ्या मनात बरं नसतं.

आता कामाचं सांगतो, कारण त्यातलं कोणालाच काही माहीत नव्हतं, मलाही अर्धंच. नेहमीच्या घरात खाली कोबा असतो. त्यावर सिमेंट-वाळूचा मसाला पसरायचा, फरशी ठेवायची, रबरी हातोड्याने ठोकायची, चार दिवस पाणी मारायचं. लाकडाचं तसं नाही. लाकूड मेलेलं नसतं. पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, माणूस चालला तर लवतं. फरशीला हे काहीच येत नाही. तिला फक्त दोन गोष्टी येतात, बसणं आणि फुटणं. म्हणून दोघांच्या मध्ये असं काहीतरी घालावं लागतं जे दोघांचंही ऐकून घेईल.

पहिल्या दिवशी मी फळ्यांच्या मधोमध पाण्याने काठोकाठ भरलेला गिलास ठेवला आणि भाऊंना म्हटलं, "या, चाला." भाऊ अंगाने भरलेले. तिसऱ्या पावलाला पाणी सांडलं.

अद्वैत साहेब म्हणाले, "थोडा बाउन्स असतो चाचा."

मी म्हटलं, "पाणी सांडलं तं पुसता येते साहेब. फरशी तडकली तं काय पुसता?"

मग सुताराकडून तुळयांच्या मध्ये आडवी लाकडं ठोकून घेतली. जी फळी कुरकुरली ती खिळे काढून स्क्रूने आवळली. खिळा वर येतो, स्क्रू येत नाही. पूर्ण मजल्यावर गुडघ्यांवर रांगत एकेक फळी हाताने दाबून पाहिली, कान लावून ऐकली. भाऊंचे ड्रायव्हर बाहेरून पाहायचे आणि म्हणायचे, "मिस्त्री नमाज पढून राह्यले का?" मी म्हटलं, "तुमच्या शेठची फरशी टिको म्हणून दुवा मागून राह्यलो." गिलास पुन्हा ठेवला. भाऊ चालले. पाणी हललं, सांडलं नाही.

त्यावर जाड प्लायवुड, फळ्यांना आडवं. दोन पाट्यांच्या मध्ये नाण्याच्या जाडीएवढी फट, आणि चारही भिंतींपासून बोटभर जागा, लाकडाला फुगायला. अद्वैत साहेबांना ती फट आवडली नाही, दिसायला घाण दिसते म्हणाले. मी म्हटलं, वर पट्टी येणार आहे, दिसणार नाही. त्यावर सिमेंटचे बोर्ड, तेही असे की बोर्डाचा सांधा प्लायच्या सांध्यावर येऊ नये. सांध्यांवर जाळीची पट्टी. मग तार, सापासारखी वेटोळी घालत, तीन-तीन बोटांवर. इलेक्ट्रिशियनने मीटर लावून तारेचा आकडा लिहून घेतला. अंथरल्यावर एकदा, तिच्यावर पातळ मसाल्याचा थर ओतल्यावर एकदा आणि फरशी बसल्यावर एकदा, तिन्ही वेळा आकडा तोच यायला पाहिजे. ती तार एकच असते. कुठेही एका जागी तुटली की सगळी फरशी थंड.

फरशी सिमेंटने नाही बसत इथे, केमिकलने बसते, जरा लवणाऱ्या केमिकलने. खाचांच्या थापीने पसरायचं, फरशी दाबायची, एक उचलून पाहायची की पाठीला सगळीकडे लागलं का. पोकळ राहिली तर तिथे उष्णता कोंडते आणि फरशी उडते. एकही पोकळ ठेवली नाही. नंतर काठीने एकेक वाजवून पाहिली, आवाज सगळीकडे एकच, भरीव. फक्त एका दिवशी घोटाळा होता होता राहिला. तिसऱ्या सकाळी मी सवयीने पाण्याची बादली भरून दारापर्यंत आणली. आयुष्यभर बसवलेल्या फरशीला पाणी मारलं. दारात उभं राहून आठवलं की खाली लाकूड आहे. बादली जास्वंदीला घातली आणि कोणाला काही बोललो नाही.

एक गोष्ट मात्र भाऊंनी ऐकली नाही. नकाशात बोर्डाखाली फोमची एक शीट होती, उष्णता खाली जाऊ नये म्हणून. भाऊ म्हणाले, "जे दिसत नाई ते काहून घालता?" अद्वैत साहेब माझ्याकडे पाहायला लागले. मी आभाळाकडे पाहिलं.

ऑक्टोबरमध्ये ट्रायल घेतली. ऑक्टोबर म्हणजे आमच्याकडे छोटा मे महिना. वणीहून पाहुणे आले होते. फरशी गरम केली आणि पाहुण्यांना घाम फुटला. म्हणून एसी लावला. एसीने फरशी गरम लागेना. म्हणून फरशी आणखी वाढवली. एक पाहुणे सोफ्यावर पाय वर घेऊन बसले आणि म्हणाले, "भाऊ, वरून काश्मीर आणि खालून वणी, भारी आहे बाप्पा." भाऊंना ती तारीफ वाटली. खाली शीट नव्हती, म्हणून अर्धी गरमी खांबांच्या पोकळीत जायची. थंडी पडली तशी आजूबाजूच्या शेतांतली सगळी कुत्री रोज संध्याकाळी त्या घराखाली जमायला लागली. माय अजून विटांच्याच घरात, शेगडीजवळ.

कारण माय म्हणाली होती, "वास्तू झाल्याबिगर मी त्या घरात पाय नाई ठेवत." कॅनडावाल्या भाऊंना हे आधी माहीत नव्हतं असं नाही. ऐकायचं नव्हतं. पण माय अडून बसली तेव्हा माघ महिन्यातला मुहूर्त काढला. महाराजांना बोलावणं गेलं. मलाही गेलं, वास्तूला मिस्त्रीला टोपी-टॉवेल देतात. मी नवा पायजमा घालून गेलो. खरं सांगतो, टोपी-टॉवेलसाठी नाही गेलो. अद्वैत साहेब नागपूरहून येणार आहेत असं ऐकलं होतं, त्यांचं तोंड पाहायला गेलो.

घराला समोरून दगडी पट्टी लावली होती, म्हणून तीन पायऱ्या चढताना पक्क्या जोत्यावर चढल्यासारखं वाटायचं. पोकळी दिसायची ती फक्त मागून. महाराज समोरून आले, पूजा मांडली, होम झाला. शेवटी प्रतिमेची डबी हातात घेऊन त्यांनी मला विचारलं, "गफूरभाई, खड्डा कोणत्या फरशीखाली हाय?"

"खड्डा नाई महाराज."

"नाई म्हणजे? तुमी विसरले?"

"मी नाई विसरलो. नकाशात नव्हता."

सगळ्यांनी अद्वैत साहेबांकडे पाहिलं. ते म्हणाले, "मला कोणी क्लिअर सांगितलं नव्हतं."

"सांगतलं होतं साहेब. तुमी मान हलवून राह्यले होते."

माय दाराबाहेर खुर्चीवर बसली होती. तिने तिथूनच विचारलं, "काय झालं रे प्रभाकर?" भाऊंचा चेहरा उतरला. मुहूर्त संपायला थोडाच वेळ उरला होता. ते माझ्याजवळ आले, हळू बोलले, "मिस्त्री, एक फरशी उचला. बाकी मी पाहतो."

मी म्हटलं, "भाऊ, मी बसवलेली फरशी मी उचलत नाई. आजवर कोणीच उचलली नाई."

"अहो, माय बाहेर बसली हाय."

"मी आधी बोललो होतो."

मला ठाऊक होतं तार कुठून जाते. त्या कोपऱ्यात दोन वेटोळ्यांच्या मध्ये तीन बोटं जागा होती. कोणती फरशी, तिच्यात कुठे, डोळे मिटून दाखवलं असतं. आणि दुसरी गोष्ट तर त्याहून सोपी होती, ती पुढे येतेच. मी हाताची घडी घालून उभा राहिलो.

भाऊंनी वास्तूला आलेल्या सुताराच्या पिशवीतून हातोडा आणि छिन्नी घेतली. ट्रकवाला माणूस, हाताला ताकद. पहिल्या घावाने फरशी फुटली, पण उठली नाही. दुसरा, तिसरा. तुकडे जिथल्या तिथे चिकटून. महाराज म्हणाले, "काय लावलं हो गफूरभाई याच्याखाली?" मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. भाऊंनी छिन्नी आडवी घालून जोरात घाव घातला. शॉक बसू नये म्हणून लावलेला भिंतीवरचा स्विच ठप्प करून पडला. पाहुण्यांसाठी फरशी चालू होती. स्विच पडला म्हणून भाऊ वाचले, तार गेली.

मग सुताराने तिथेच बोर्ड, प्लाय, फळी यांतून हाताएवढं भोक पाडलं. महाराज वाकून आत पाहायला लागले. बराच वेळ पाहिलं.

"गफूरभाई," ते म्हणाले, "खाली तं उजेड दिसून राह्यला."

मी वाकून पाहिलं. खालून एक कुत्रं वर पाहत होतं.

"खाली पोकळ हाय का?"

"हो."

"मंग फरशी कायले फोडली? खाली जाऊन याच्याच खाली जमिनीत खड्डा करून प्रतिमा ठेवली असती. वास्तू जमिनीत असते, फळीत नसते. कोणी बोललं काहून नाई?"

भाऊ छिन्नीकडे पाहत होते, अद्वैत साहेब मोबाइलकडे. मी मात्र महाराजांकडे पाहू शकलो नाही. घर खांबांवर आहे हे भाऊंना माहीत होतं, पण महाराजांचं गणित त्यांना कुठून माहीत असणार. अद्वैत साहेबांनाही तेवढंच माहीत होतं. दोन्ही माहीत असलेला माणूस तिथे एकच होता. सकाळपासून ते वाक्य माझ्या तोंडात होतं, आणि मला आधी यांची फजिती पाहायची होती. महाराजांनी खाली उतरून, कुत्री हाकलून, कंबरेत वाकून जमिनीत प्रतिमा ठेवली. मी खड्डा खणून दिला. त्यांनी सांगितलं नव्हतं, मीच फावडं घेतलं. माय आत आली, तिने फरशीवर पाय ठेवला आणि म्हणाली, "गार हाय."

चार दिवसांनी मी स्वतःहून गेलो. भाऊंनी बोलावलं नव्हतं. तुटलेल्या तारेला कंपनीचा जोड येतो, पण तो बसवायला जागा लागते, आजूबाजूच्या फरशा काढाव्या लागतात. फुटकी धरून पाच. मी बारीक छिन्नी घेऊन बसलो. सकाळी बसलो तो दुपारच्या चहापर्यंत पाच फरशा. एकही अख्खी निघाली नाही. केमिकल बोर्ड सोडेना, बोर्ड प्लाय सोडेना. गुडघ्याला घाम, हाताला फोड. दुसऱ्या कोणी बसवल्या असत्या तर मी त्याला शाबासकी दिली असती. भाऊ दारात उभे होते.

"मिस्त्री, तुमीच तं म्हणले होते कोणी उचलत नाई."

"हो. लई पक्क्या बसल्या हाय," मी म्हटलं.

तार जोडली, आकडा पहिल्यासारखा आला. फळीच्या भोकात लाकडाचा गट्टू, वर प्लाय, बोर्ड, सांध्यावर पट्टी, सगळं नियमाने. अडचण फरशीची आली. उरलेली एक पेटी जपून ठेवा म्हणून मी बजावलं होतं, ती गोठ्यातल्या गव्हाणीला लागली होती. दुकानात त्याच नंबरची मिळाली पण लॉट वेगळा, शेड एक बोट गडद. त्याच बसवल्या. आग्नेय कोपऱ्यात पाच फरशा गडद, बाकी सगळी फिकी. मी दारातून पाहिलं आणि वास्तूच्या दिवशी राहिलेला टोपी-टॉवेल न घेताच घरी आलो. त्या दिवसापासून लग्नात, एसटीत 'गफूरची फरशी कोणी उचलली नाही' हे वाक्य बोलणं बंद केलं. घरचीने दोन दिवस वाट पाहिली, मग विचारलं, तब्येत बरी आहे ना.

मायचं म्हणाल तर ती थंडीत सकाळी त्या घरात येऊन बसते. फरशीवर नाही, पाटावर. शेगडी सोबत घेऊन येते.

त्या उन्हाळ्यात यवतमाळहून एक डॉक्टर माझ्याकडे आले. नवीन बंगला बांधत होते, विटांचाच, साधी फरशी, गरम वगैरे काही नाही. त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवला. प्रभाकरभाऊंचं घर. फोटो अद्वैत साहेबांनी टाकलेला, आणि बरोबर तो कोपरा मध्यावर घेतलेला.

"असंच पाहिजे मिस्त्री," डॉक्टर म्हणाले. "कोपऱ्यात पाच गडद, बाकी फिक्या. आता हीच फॅशन आहे. तुम्हीच केलं ना हे?"

"मीच केलं."

"मग तसंच जमेल?"

मी विचारलं, "आग्नेय कोपऱ्यातच का?"

"तिथे काही खास असतं का?"

मी त्यांना खड्ड्याचं सांगितलं. ते नवलाने ऐकत होते. वास्तुशांती करणार का विचारलं तर म्हणाले, आई ठरवेल. मी म्हटलं, मग आधी आईला विचारून या, तोवर मी तो कोपरा मोकळा ठेवतो. नंतर वणीहून एक आले, मग पांढरकवड्याचे हॉटेलवाले आले. सगळ्यांना त्याच पाच फरशा पाहिजेत. तिन्ही ठिकाणी बसवून दिल्या. हॉटेलवाल्यांनी तर मला उभं करून त्या कोपऱ्याजवळ फोटो काढला आणि म्हणाले, "मिस्त्री, हसा ना थोडं."